मलकापूरची छावणी आणि १८०३ चे जग

इ. स. १८०३ च्या उन्हाळ्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा मलकापूरच्या परिसरात उतरल्या, आणि वऱ्हाडातला, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील हा भाग काही काळ युद्ध की तह या प्रश्नाचे केंद्र बनला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी पेशवा दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहान्वये तैनाती फौज, म्हणजे खर्च पेशव्याचा पण हुकूम इंग्रजांचा अशी सेना, स्वीकारली होती, आणि ते बंधन या दोघा सरदारांना जाचत होते. दोघांनी आपापल्या मुलखात परतावे ही मागणी शिंद्यांकडील इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स लावून धरीत होता. आधी कोणी हटायचे यावरच बोलणी फिसकटली आणि ऑगस्टमध्ये युद्ध पेटले.

इंग्रजांच्या घाईमागे फ्रेंचांची धास्ती होती, कारण शिंद्यांची कवायती पलटणे पेराँ या फ्रेंच सेनानीच्या हाती होती. याच इंग्रज-फ्रेंच वैराचा लाभ अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांना मिळाला: कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग वसाहतीत सैन्य गमावलेल्या आणि नव्या युद्धासाठी पैसा हव्या असलेल्या नेपोलियनने लुईझियानाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरला विकला. राज्यघटनेत अशा खरेदीचा स्पष्ट अधिकार नसल्याने जेफरसन स्वतः साशंक होते आणि फेडरलिस्ट पक्षाने विरोधही केला. तरीही सिनेटने २० ऑक्टोबरला २४ विरुद्ध ७ मतांनी करार मान्य केला.

वऱ्हाडात मात्र निर्णय रणांगणावर झाला. दुसरे बलाढ्य मराठा सरदार यशवंतराव होळकर अलिप्त राहिले. असई, अडगाव आणि गाविलगडच्या पराभवांनंतर १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावचा तह केला, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी लुईझियानातील न्यू ऑर्लिअन्स अमेरिकेच्या ताब्यात गेले. या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा भोसल्यांचा हक्क संपला, हैदराबादच्या निजामाबरोबर महसुलाची वाटणी करणारा दुहेरी अंमल मोडला आणि बुलढाण्याचा मुलूख एकट्या निजामाकडे गेला. इंग्रजांशी युद्धात असलेल्या युरोपीय किंवा अमेरिकन सत्तेच्या प्रजाजनांना चाकरीत न ठेवण्याचे बंधनही भोसल्यांवर आले. अमेरिकनांचा हा उल्लेख निराधार नव्हता, कारण जॉन पार्कर बॉइड या अमेरिकन सैनिकाने निजामाची आणि मराठ्यांची चाकरी केली होती आणि पुढे तो स्वदेशाच्या सेनेत ब्रिगेडियर जनरल झाला.

जेफरसन यांनी परक्यांच्या वैरातून सौदा साधला, कारण महासागराने त्यांचे रक्षण केले आणि देशातील विरोध मतदानाने मिटला. मराठा सरदारांना असा समुद्र नव्हता, आणि आपसातले मतभेद मिटवणारी सर्वमान्य संस्थाही उरली नव्हती. म्हणून मलकापूरची छावणी असईच्या लढाईची केवळ प्रस्तावना ठरत नाही, तर एकजुटीवाचून परराष्ट्रनीती निष्फळ ठरते याचा वऱ्हाडच्या भूमीवरील पुरावा ठरते.