सुसरबाईची पाठ

‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण वऱ्हाडात काय किंवा पुण्यात काय, सारखीच चालते. ज्याच्याशी काम अडले आहे त्याच्या खरबरीत पाठीवरून हात फिरवावा आणि ती लोण्यासारखी असल्याचे सांगावे, एवढा तिचा व्यवहार. चिखलदऱ्यात मुलांना ही म्हण शिकवताना अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. तो त्यांना घरीच कळलेला असतो. परंतु या म्हणीतली सुसर मुळात कोण, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा मी मेळघाटातून थेट गंगेच्या काठी जाऊन पोहोचलो. वाचकांनाही दिवाळीच्या फराळानंतर तेवढी सैर घडवावी म्हणतो.

‘सुसर’ हा शब्द संस्कृतातल्या ‘शिशुमार’ किंवा ‘शिंशुमार’ या शब्दावरून आला. त्याच शब्दाचे हिंदीत ‘सूंस’ झाले आणि बंगालीत ‘शुशुक’. मौज अशी की सूंस किंवा शुशुक हा प्राणी मगरीच्या कुळातला मुळीच नव्हे. तो गंगेतला डॉल्फिन. पाण्यात राहूनही मासा नसलेला, आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिलाला अंगावर पाजणारा जीव. म्हणजे भावंडे एका आईची, पण एकाच्या वाट्याला डॉल्फिन आला आणि आपल्या वाट्याला मगर! हा घोटाळा जुनाच आहे. पालीतल्या जातककथेत माकडाचे काळीज मागणारा ‘सुंसुमार’ मगरच समजला जातो. गंगेचा डॉल्फिन गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतला रहिवासी. आमच्या सिपना नदीचे पाणी तापीला मिळते आणि तापी पश्चिम समुद्राला. तिथे हा प्राणी यायचा कुठून? माझा आपला तर्क असा की नाव दक्षिणेत आले, नावाचा धनी मागेच राहिला, आणि रिकामे नाव लांब तोंडाच्या दुसऱ्या जलचराने बळकावले. एक मात्र खरे. मूळ सुसरबाईला कोणी तिची पाठ मऊ असल्याचे सांगितले असते, तर ती खुशामत ठरली नसती. डॉल्फिनची कातडी खरोखरच गुळगुळीत असते.

आपल्या पूर्वजांनी हा शिशुमार आकाशातही नेऊन बसवला. भागवताच्या पाचव्या स्कंधात साऱ्या ज्योतिश्चक्राला शिशुमाराची आकृती दिली आहे आणि त्याच्या शेपटीच्या टोकाशी ध्रुव आहे. ग्रीकांनीही आकाशात एक डॉल्फिन पाहिला. तो म्हणजे आपले धनिष्ठा नक्षत्र! दिवाळीच्या दिवसांत अंधार पडला की धनिष्ठेचा लहानसा चौकोन डोक्यावरून किंचित पश्चिमेकडे कललेला दिसतो. चिखलदऱ्याच्या पठारावरून तो मुलांना चटकन सापडतो. शहरातल्या वाचकांनी आधी रोषणाई मालवावी.

आता जमिनीवर येऊ. इ. स. पूर्व २४३ च्या सुमारास, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर, सम्राट अशोकाने जे प्राणी मारू नयेत त्यांची यादी स्तंभांवर कोरविली. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ अशी नावे येता येता तिच्यात ‘गंगापुपुटक’ असे एक नाव येते. बहुतेक अभ्यासकांच्या मते हाच गंगेतला डॉल्फिन. यांपैकी एक स्तंभ फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात तोपऱ्याहून दिल्लीला आणविला. तो आजही कोटल्यात उभा आहे. पुढे ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली, तेव्हा कुठे या आज्ञेला पुन्हा वाचा फुटली. मला या राजाचे अप्रूप वाटते ते निराळ्या कारणाने. प्रजेला यादी देण्याच्या कितीतरी आधी त्याने स्वतःच्या मुदपाकखान्याला लगाम घातला होता, आणि रोज अजून दोन मोर व एक हरिण मारले जाते हेही त्याने दगडावर कबूल करून ठेवले. अशी कबुली देणारे राज्यकर्ते थोडेच.

हे वारे आपल्या विदर्भापर्यंतही पोहोचले होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेक येथे मिळालेल्या शिलालेखात प्राणी पकडण्याची व मारण्याची मनाई आहे, आणि तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा असावा, असे म. म. वा. वि. मिराशी यांचे मत. पुढे वाकाटकांच्या काळात चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भाची सून होऊन आली. तिचा एक ताम्रपट आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडला आहे. पाटलिपुत्राच्या घाटांवर वावरलेल्या या राजकन्येने नंदिवर्धनच्या दासींना सूंसाच्या उड्यांच्या गोष्टी सांगितल्या असतील काय? ताम्रपटात तसे काही नाही. पण कादंबरीकाराला एवढी मुभा असावी.

सूंस डोळ्यांनी पाहून लिहून ठेवणारा पातशहा म्हणजे बाबर. लढायांच्या धामधुमीतही त्याने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या पशुपक्ष्यांची टिपणे केली. या प्राण्याला तो पाणडुक्कर म्हणतो. पाण्यातून एकदम डोके वर येते आणि नाहीसे होते, खेळताना तो भिस्त्याच्या पखालीसारखा दिसतो, असे त्याचे वर्णन. पखाल पाहिलेल्या माणसाला ही उपमा किती नेमकी आहे ते सांगायला नको. त्याच्याही आधी, पहिल्या शतकात, रोमच्या प्लिनीने गंगेतल्या ‘प्लॅटानिस्टा’ नावाच्या जलचराची नोंद केली होती. तेच नाव आज शास्त्रात रूढ आहे.

बाबराला, प्लिनीला जे ठाऊक नव्हते ते असे की हा प्राणी जवळजवळ आंधळा आहे. त्याच्या डोळ्यात भिंगच नाही. उजेड-अंधार कळत असेल तेवढाच. गाळाने गढूळ झालेल्या गंगेत डोळे असूनही काय दिसणार! म्हणून तो ऐकून पाहतो. रात्रंदिवस टकटक असे बारीक ध्वनी सोडायचे आणि मासा, खडक, काठ यांवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भोवतालचा नकाशा डोक्यात मांडायचा. पुष्कळदा तो कुशीवर कलून पोहतो आणि एका परानं तळ चाचपीत जातो, भिंतीला हात लावून काळोखात चालणाऱ्या आजोबांसारखा. दर मिनिटा-दोन मिनिटांनी श्वासासाठी वर येतो, तेव्हा ‘सूंऽस’ असा आवाज होतो. नाव कानाला पटते ते त्यामुळेच.

समुद्रातल्या डॉल्फिनांची हुशारी जगभर गाजली आहे. २००१ साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या दोन डॉल्फिनांनी आरशातले प्रतिबिंब आपलेच असल्याचे ओळखले. ब्राझीलमधल्या लागुना गावी डॉल्फिन मासे काठाकडे हाकतात आणि खूण मिळताच कोळी जाळे फेकतात. दोघांचीही शिकार साधते. सिंधुदुर्गाकडचे कोळी डॉल्फिनला ‘गादा’ म्हणतात, आणि जाळ्यातले मासे पळविताना तो जाळे फाडतो म्हणून त्याच्यावर चिडतातही. सूंस यांतले काहीच करून दाखवीत नाही. उड्या थोड्या, ओळख त्याहून थोडी. पण अंधारात आयुष्यभर न चुकता वाट काढणे याला बुद्धी म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? वर्गातही हात वर न करणारी अशी मुले असतात.

त्याच्या तेलाने मात्र त्याचा घात केला. सूंसाच्या चरबीचे तेल पाण्यात सोडले की वाचा, गरुआ जातीचे मासे त्याकडे ओढले जातात. गरीब मच्छीमाराला दोष देऊन भागत नाही; त्याच्या चुलीचा प्रश्न होता. पाटण्याचे प्राध्यापक रवींद्रकुमार सिन्हा यांनी हे ओळखले. माशांच्या टाकाऊ भागांपासून काढलेले तेलही तेच काम करते, हे त्यांनी मच्छीमारांना पटवायला घेतले. अनेकदा कायद्यापेक्षा असा उपाय खोल जातो. कायदे झालेच: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, १९९१ मध्ये बिहारात सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा अभयारण्य झाला, आणि २००९ मध्ये हा राष्ट्रीय जलचर ठरला. अशोकाच्या यादीनंतर सुमारे साडेबावीसशे वर्षांनी!

तोवर नदीच बदलली होती. १९७५ साली फरक्क्याचे धरण सुरू झाले आणि वरचे सूंस वर, खालचे खाली अशी ताटातूट झाली. बोटींच्या यंत्रांचा गोंगाट तर कानांनी पाहणाऱ्या जीवाच्या डोळ्यांत धूळच. असे झाल्यावर काय होते, ते चीनने पाहिले आहे. यांगत्से नदीतल्या डॉल्फिनच्या शोधार्थ २००६ साली मोठी मोहीम निघाली; आठवडेच्या आठवडे नदी पालथी घालूनही एकही दिसला नाही.

आपल्याकडे २०२१ ते २०२३ या काळात आठ राज्यांतल्या अठ्ठावीस नद्यांमध्ये गणना झाली. नावेतून डोळ्यांनी मोजणी होत होती आणि पाण्यात सोडलेल्या यंत्रांनी त्यांचे टकटक आवाजही टिपले जात होते. मार्च २०२५ मध्ये आकडा जाहीर झाला: ६,३२७. उत्तर प्रदेशात २,३९७, बिहारात २,२२०, बाकीचे बंगाल, आसाम वगैरेंत. यांत सिंधू नदीच्या जातीचेही आले. ही जात पाकिस्तानात टिकून आहे, भारतातून मात्र ती गेली असे धरले जात होते. २००७ साली पंजाबात ब्यास नदीत ती पुन्हा दिसली. त्या ६,३२७ मध्ये ब्यासमधले आहेत तीन.