तगाई गेली, अनुदान आलं, नाव कुणाचं?

इटियाडोहचं पाणी आपल्या बांधीत येतं, पण पूर आणि कडपांवर पडणारा पाऊस कुणाच्या हातात नसतो. अशा वेळी सरकारची मदत येते. पूर्वी ती कशी होती?

इंग्रजांनी 1884 मध्ये शेतकऱ्यांना कर्ज देण्याचा कायदा केला. त्यातून मिळे ती तगाई. ती व्याजासकट फेडावी लागे. आज नुकसानीचं अनुदान मिळतं, ते फेडायचं नसतं. आधी निम्मं पीक गेलं तरच ते मिळे. 2015 पासून 33 टक्के नुकसानही धरतात.

नियम बदलले, एक गोष्ट तशीच राहिली. पंचनामा शेताचा होतो, पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला जातात. पऱ्हे काढतो आपण, रोवणी करतो आपण. यादीत नाव मात्र बहुधा घरधन्याचं. 1992 च्या लक्ष्मीमुक्ती योजनेनं नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची वाट मोकळी केली.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीला आपण सगळ्याजणी सातबारा घेऊन येऊ. जिचं नाव नसेल, तिच्यासोबत तलाठ्याकडे मिळून जाऊ.