२५ सप्टेंबर : मेहली मेहता यांचा जन्म

१९०८ साली आजच्या दिवशी मुंबईत व्हायोलिनवादक, वाद्यवृंद-संचालक मेहली मेहता जन्मले. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन-तबलावाले नटाकडे बघून साथ धरतात, हे गोंदियाकरांना ठाऊक आहे. मेहलींच्या वाद्यवृंदात मात्र साऱ्यांची नजर संचालकाच्या एका छडीवर. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणारे गोव्याचे वादक, हौशी पारशी मंडळी, फुंकवाद्यांना नौदलाच्या बँडचे जवान, असा तो मेळा. एकाला रेकॉर्डिंग, दुसऱ्याची नोकरी. सगळे एका वेळी तालमीला जमणे हीच मोठी कसरत असावी. घरात हे बघत वाढलेला मुलगा झुबिन १९५४ मध्ये शिकायला व्हिएन्नाला गेला आणि पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संगीत दिग्दर्शक झाला. जग ओळखते ते त्यालाच. वडिलांचा पिंड मात्र शिकवण्याचा. पुढे लॉस एंजेलिसला त्यांनी १९६४ मध्ये तरुण वादकांसाठी वाद्यवृंद सुरू केला, नंतर अमेरिकन यूथ सिम्फनी म्हणून ओळखला गेला तो, आणि नव्वदीला टेकेपर्यंत छडी खाली ठेवली नाही. १९ ऑक्टोबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले.