काशानचे सिंह आणि काशानचा मेहराब

‘‘सर, जानदाराची तस्वीर हराम आहे ना? मग मुसलमानांनी हे सिंह कसे घडवले?’’

इराणच्या जुन्या मातीकामाची चित्रे वर्गात दाखवली की हा प्रश्न हमखास येतो. आम्ही शिक्षक तो बहुधा टाळतो. टाळण्याचे कारण नाही, असे आता वाटते.

झिलई दिलेली जनावरे इराणात इस्लामच्या फार आधीपासून आहेत. इलामचा राजा उन्ताश-नापिरिशा याने इ. स. पूर्व तेराव्या शतकात चोगा झंबील येथे भव्य मंदिर उभारले. तिथल्या दाराशी असलेला मातीचा झिलईदार बैल उत्खननात तुकड्यांनी सापडला. जोडलेला हा बैल तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याला आपल्या खिलारी बैलासारखे वशिंड आहे आणि अंगावर देवाला अर्पण केल्याचा लेख आहे.

बाराव्या-तेराव्या शतकांत काशानच्या कुंभारांनी सिंह आणि हत्ती घडवले, कोंबड्याच्या तोंडाच्या सुरया केल्या. तोवर इराण मुसलमान झाला होता. कुंभारांच्याच घराण्यातील अबुल कासिम याने 1301 मध्ये त्यांची कृती लिहून ठेवली. दहा भाग गारगोटीचे पीठ, एक भाग काचेचा चुरा, एक भाग पांढरी माती. झिलईत तांबे मिसळले की फिरोजी रंग येई.

सावली पडेल अशा आकृतीला बहुतेक फकीहांचा विरोध होता, हे लपवू नये. पण या वस्तू पूजेच्या नव्हत्या. कुणी पाणी ओतायला, कुणी घर सजवायला त्या घेई. याच शहरात हसन बिन अरबशाह याने 1226 मध्ये मैदान मशिदीसाठी मेहराब घडवला. तो आता बर्लिनच्या संग्रहालयाकडे आहे. त्यावर आयती आहेत, वेलबुट्टी आहे, जनावर एकही नाही. म्हणजे मशिदीत काय शोभते आणि घरात काय चालते, हा फरक त्या कारागिरांना पक्का ठाऊक होता.

‘इस्लामने कला बंद केली’ असे कुणी म्हणते. ‘आपल्यात असले काही नव्हतेच’ असे आपल्यातलेच कुणी म्हणते. दोघांनीही काशानची भट्टी पाहिलेली नाही. पुढच्या वेळी हा प्रश्न आला, की आम्ही सिंह आणि मेहराब यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवू आणि मुलांनाच विचारू, ‘‘बोला, काय दिसते?’’