जावळीच्या रानांतील वाट

महाड हें सावित्रीकांठचें जुनें बंदर. येथें उतरलेला माल बैलांच्या पाठीवर पोलादपुराकडून पार घाट चढून देशावर जाई. ही वाट जावळीच्या निबिड अरण्यांतून होती. सबब ज्याच्या हातीं जावळी त्याच्या हातीं घाट, हें उघड होतें. पिढ्यान् पिढ्या तो मान मोऱ्यांचा होता. जानेवारी १६५६ मध्यें शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली, त्याच वर्षीं रायरीही घेतली आणि पुढें पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड बांधला.

या रानाचें मोल १६५९ सालीं दिसून आलें. अफजलखानाची फौज सपाटीवर बलाढ्य होती; परंतु हत्ती, तोफा व घोडदळ यांना जावळींत पसरावयास जागाच नव्हती. १० नोव्हेंबर रोजीं खान पडला, आणि झाडींत दबून बसलेल्या मावळ्यांनीं पार गांवाजवळच्या छावणीवर झडप घातली. अरण्यानें तटबंदीचें काम केलें.

आज हौशी पदयात्री पाठीवर शिधा घेऊन किनेश्वराहून पार घाट चढतात. पार गांवाशीं कोयनेवरचा जुना दगडी पूल लागतो. पुढें मकरंदगड करून कोयनेच्या खोऱ्यानें दक्षिणेस वासोट्यापर्यंत गेल्यास अनेक दिवसांची चाल होते. या चालींत डोंगरांच्या कुशींत दूरवर पसरलेलें पाणी दिसूं लागतें. तें पाहून एखादें पुरातन सरोवरच असावें असें वाटतें. पण तो शिवसागर होय, आणि तो विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत कोयनेस धरण बांधल्यानें झाला. महाबळेश्वरीं उगम पावून कऱ्हाडास कृष्णेला मिळणाऱ्या या नदीचें बरेंच पाणी आतां डोंगर पोखरून पोफळीच्या वीजघरांत उतरतें आणि वाशिष्ठींतून पश्चिम समुद्रास जातें. ज्या सह्याद्रीवर बैल कोंकणांतून माल चढवीत, त्याच सह्याद्रीच्या पोटांतून आतां पाणी कोंकणांत उतरतें!

या पाण्याखालीं नदीकांठचीं गांवें आणि भातशेतें गेलीं. हजारों कुटुंबांना पिढीजात घरें सोडून दूर वसावें लागलें. पुढें १९८५ सालीं कोयना अभयारण्य झालें आणि २०१० सालीं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पांत त्याचा समावेश झाला. बामणोलीहून नावेनें वासोट्यास जाणारा प्रवासी वनखात्याची परवानगी घेऊन मेट इंदवलीस उतरतो. तेथेंही एके काळीं नांदतें गांव होतें.

म्हणून या प्रवासांत जी नीरव शांतता मनाला मोहविते, ती सगळीच सृष्टीची देणगी नव्हे. तिचा कांहीं भाग उठून गेलेल्या माणसांनीं मागें ठेविला आहे. मोरे, महाराज आणि खान यांच्या कथेबरोबर या कुटुंबांचें स्थलांतरही सांगितलें, तरच जावळीचा इतिहास पुरा होतो.