सिल्लोडमधला पीएच.डी.चा विषय : स्थलांतर आणि जन्मदाखला

स्थलांतराच्या राजकारणावर पीएच.डी. करायला परदेशातच जावे लागते, असे आम्हाला वाटत नाही. २०२५ मध्ये बांगलादेशी घुसखोरीच्या आरोपांवरून उशिरा झालेल्या जन्मनोंदींचा वाद राज्यात पेटला. त्यात सिल्लोडचेही नाव आले.

कायदा असा आहे. संविधानाचे अनुच्छेद ५ ते ११ नागरिकत्वाचे. ऑगस्ट १९४९ मध्ये बाबासाहेबांनी ते संविधान सभेत मांडले. पुढे १९५५ चा नागरिकत्व कायदा आला. त्यातल्या दुरुस्त्यांनुसार १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याचे आई किंवा वडील भारतीय असावे लागतात. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, ही अटही आहे. वर्ष उलटल्यावर जन्म नोंदवायचा तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. शिवाय परकीय असल्याचा आरोप झाला, तर तो खोडण्याची जबाबदारी त्याच माणसावर असते.

ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या, नोंद राहून गेलेल्या लेकराला हा नियम जड जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील आपल्या संशोधकांनी हा विषय हाती घ्यावा. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत जन्मनोंदी तपासाव्यात. जय भीम!