मानवी हक्कभंगाची तक्रार ग्राह्य केव्हा ठरते?

कोठडीतील मारहाण असो वा जमावाचा हिंसाचार, दाद लागली नाही की ‘आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊ’, असे सहज म्हटले जाते. जळगाव वा धुळ्याच्या नागरिकाला मात्र तो मार्ग बंद आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे केवळ राष्ट्रेच पक्षकार होऊ शकतात.

कुलभूषण जाधव खटला हे त्याचे परिचित उदाहरण. ८ मे २०१७ रोजी अर्ज केला तो भारत सरकारने, जाधव कुटुंबीयांनी नव्हे. पाकिस्तानने अर्जाच्या ग्राह्यतेलाच घेतलेली हरकत न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मताने फेटाळली. तथापि त्याचा अधिकार वाणिज्यदूतविषयक १९६३ च्या व्हिएन्ना करारापुरताच होता. निःपक्ष सुनावणीची हमी देणाऱ्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भंग झाला काय, हे न्यायालयाने तपासले नाही. अर्ज ग्राह्य ठरला, मानवी हक्कांचा मुद्दा मात्र दाराबाहेरच राहिला!

युरोपातील नागरिक स्ट्रासबर्गच्या न्यायालयात थेट जाऊ शकतो. तेही देशांतर्गत उपाय संपल्यावर आणि अंतिम निकालापासून चार महिन्यांत (२०२२ पूर्वी सहा). आशियात असे न्यायालय नाही. नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. वैयक्तिक तक्रारींना वाट देणारा त्याचा पूरक करार स्वीकारलेला नाही.

उरतो तो मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३. त्याअन्वये मुंबईतील राज्य आयोगाकडे वा दिल्लीतील राष्ट्रीय आयोगाकडे जाता येते. एकाकडे चौकशी सुरू असेल तर दुसरा ती करीत नाही.

साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. अशा घटनेत जमावाचा गुन्हा हा फौजदारी न्यायालयाचा विषय. लोकसेवकाने हक्कभंग केला किंवा तो रोखण्यात हयगय केली, असा आरोप असेल तरच आयोगाला चौकशीचा अधिकार पोहोचतो.

खरी अडचण मुदतीची आहे. कलम ३६ नुसार घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. पोलीस ठाणे, जिल्हाधिकारी कार्यालय, मंत्रालय असा अर्ज फिरत राहतो तोवर ते वर्ष सरते. स्ट्रासबर्गप्रमाणे आधी इतर सर्व उपाय संपवावेत, अशी अट येथे नाही. निनावी, संदिग्ध वा न्यायप्रविष्ट तक्रारी मात्र आयोग सामान्यतः स्वीकारीत नाही. शुल्क नाही, वकीलही लागत नाही. घटनेची नेमकी तारीख अर्जाच्या आरंभीच असावी.